गुराबेची उघडी नाळ

गुराब हे मराठा आरमारातलं लढाऊ जहाज. तिच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावरचा, डेक उघडा असे. बाकी जहाजाला दोन्ही बाजूंनी कठडे, नाळेला मात्र नाहीत. समोरून लाट आली की हे जहाज पुढून जोरात आपटायचं. नाळेवर चढलेलं पाणी तुंबून न राहता दोन्हीकडून वाहून जावं, म्हणून ही सोय. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकारानं हे लिहून ठेवलं आहे. मी ते पूर्वीच वाचलं होतं, पण अंगात मुरलं ते १:७२ प्रमाणात गुराबेचं मॉडेल बांधायला बसलो तेव्हा.

मी बडोद्याजवळच्या सावली या गावात राहतो. घराणं बडोद्याचं मराठी, नोकरी इकडे. पिलाजीराव गायकवाडांचा १७३२ मध्ये डाकोरला खून झाला, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते याच गावात. इथला सगळा इतिहास घोड्यांचा आणि भाल्यांचा. पण गायकवाडांचं आरमारही होतं, बिलिमोऱ्याच्या बंदरात, हे इथल्या मराठी घरांतही फारसं कुणी बोलत नाही.

मॉडेलं करण्याची माझी सुरुवात मात्र रणगाड्यांनी झाली. पुना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियन रणगाड्यात लढता लढता गेले, त्याचं नाव ‘फामागुस्ता’. खेत्रपाल तेव्हा २१ वर्षांचे. तो रणगाडा १:३५ मध्ये करायचा तर किट मिळतं, फोटो मिळतात, आणि नगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन प्रत्यक्ष बघता येतो. त्याच्या टरेटचं पोलाद ओतीव, म्हणून पृष्ठभाग खरबरीत. किटमधलं प्लास्टिक मात्र गुळगुळीत. मग पुट्टी थिनरनं पातळ करायची, ताठ केसांच्या ब्रशनं टोचत टोचत लावायची आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरचा हलका हात फिरवायचा. २० पाउंडर तोफेचं तोंड ८४ मिलिमीटरचं, म्हणजे मॉडेलवर २.४. जे विचाराल त्याचं उत्तर कुठे ना कुठे सापडतं.

गुराबेचं तसं नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार गुराबांसकट बंदरातच जळून गेलं. त्या मोहिमेत इंग्रजांचे भागीदार होते खुद्द पेशवे. हे मला आजही सलतं. आरमाराचा अभिमान आपण भाषणांतून मिरवतो, पण फळीला फळी कशी जोडत असं कुणी विचारलं तर गप्प होतो. पुस्तकात ‘तीन डोलकाठ्यांची गुराब’ असं लिहून पुढे सरकता येतं. मॉडेलला ते चालत नाही. बरगडी पठाणावर, म्हणजे जहाजाच्या तळाच्या कण्यावर, नेमकी कशी बसते हे ठरल्याशिवाय पुढचा तुकडा चिकटवताच येत नाही.

त्यासाठी कच्छमधल्या मांडवीला गेलो. रुक्मावती नदीच्या काठावर तिथे आजही लाकडी जहाजं, तिकडची ‘वहाणं’, बांधतात. एका वयस्कर मिस्त्रीकाकांनी बाभळीचं एक वाकडं खोड दाखवलं. बरगडीला हवं तेवढं वळण झाडातच असलेलं लाकूड ते शोधतात, कारण सरळ लाकडातून वळण कापलं तर रेषा तुटतात आणि बरगडी तिथेच फाटते. सावलीच्या रस्त्यांवर बाभळी काही कमी नाहीत. आता माझ्या गुराबेच्या बरगड्या बोटाएवढ्या वाकड्या फांद्या मधोमध चिरून केलेल्या आहेत. अशा बरगडीत टाचणीएवढा खिळा ठोकला तरी ती फाटत नाही.

फळ्यांना सागवान चालत नाही. खऱ्या जहाजाला ते उत्तम, पण या प्रमाणात त्याच्या रेषा फार जाड दिसतात. मी हळदू वापरतो. दाट, पिवळसर, कंगव्यांना लागणारं लाकूड. फळीच्या कडेला खाच आणि शेजारच्या फळीची कड तिच्यात बसवलेली, अशी आपल्याकडची जोडणी ग्रोस या इंग्रज प्रवाशानं त्याच काळात पाहिली होती. दोन मिलिमीटर जाडीच्या पट्टीत ती खाच काढायला घरचीच एक पोलादी पट्टी घासून खास पटाशी केली आहे.

नाळ आणि मुख्य डेक यांच्यामध्ये आडवी लाकडी भिंत, तिला दोन भोकं, त्यांतून ९ किंवा १२ पाउंडी दोन तोफा नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या, असं ऑर्म सांगतो. ९ पाउंडी तोफेचं तोंड या प्रमाणात दीड मिलिमीटर. भिंत उभी केली, तोफा ठेवल्या, २४ मिलिमीटरचा गोलंदाज मागे उभा केला आणि त्याच्या डोळ्यांच्या रेषेत पाहिलं. उघड्या नाळेचा दुसरा फायदा तेव्हा दिसला: पाठलाग करताना समोरच्या जहाजावर नेम धरायला मध्ये काहीच येत नाही. ऑर्म फक्त पाण्याचं कारण देतो. माझ्या मते बांधणाऱ्यानं दोन्ही गोष्टी धरलेल्या होत्या.

सध्या जोडीला गलबत घेतलं आहे. वजन कमी राहावं म्हणून त्याचा वरचा डेक चिरलेल्या बांबूचा असे, आणि वल्ही चाळीस-पन्नास. बाजारात टोपल्या विणणाऱ्या एका बाईंकडून कामट्या चिरून आणल्या. “एवढ्या बारीक कशाला, भाई?” म्हणत त्यांनी कामटी दातात धरली आणि सुरीच्या एका ओढीत केसासारखी पट्टी सोडवली. या पट्ट्या आडव्या घालायच्या की उभ्या, हे वल्हेकऱ्यांची बाकं कुठे येतात त्यावर ठरेल. म्हणून आधी बाकं करतो आहे.