भारित

लेखा शाखेत मी नुकतीच रुजू झाले होते. पगारबिलं आणि प्रवासभत्ते यापलीकडे काही हाताळलं नव्हतं, आणि टेबलावर दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा आला. आमच्याच खात्याच्या एका अधिकाऱ्याने नोटीस न देता एका माणसाचं दुकान अतिक्रमण म्हणून पाडलं होतं. भरपाई मात्र व्याजासह शासनाने द्यायची. पाडलं एकाने, मग सरकारी तिजोरीतून का? त्यांच्याच पगारातून का नाही कापायचे?

लेखाधिकारी मॅडमनी राज्यघटना पुढे ठेवली. कलम २०२. न्यायालयाचा निर्णय किंवा हुकूमनामा भागवायला लागणारी रक्कम राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असते. अर्थसंकल्पाच्या पुस्तकातले 'दत्तमत' आणि 'भारित' हे शब्द मी पाहिले होते, अर्थ तेव्हा कळला. भारित खर्चावर विधानसभा चर्चा करू शकते, मतदान नाही. न्यायालयात हरलेल्या सरकारने बहुमताच्या जोरावर पैसे नाकारावेत, ही वाटच घटनाकारांनी बंद केली. मला हे फार मोलाचं वाटतं.

मग दुकानदार अजून खेटे का घालत होता? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ नुसार शासनाविरुद्धचा हुकूमनामा तीन महिने भागला नाही, तरच अंमलबजावणीची दरखास्त चालते. तेवढ्यात फाइल फिरते. अपील करायचं का, विधी व न्याय विभागाचं मत काय, अनुदान आहे का. भारित तरतूद नसेल तर पुरवणी मागणी, नाहीतर आकस्मिकता निधी. व्याज चालूच. शेवटी बेलीफ येऊन खुर्च्या, संगणक, कधी साहेबांची गाडी जप्त करतो. त्या बातम्या लोक मजेत वाचतात. पण वाढलेलं व्याज त्यांच्याच करातून जातं, आणि ज्याचं दुकान गेलं तो तोवर उधारीवर जगतो.

पगारातून कापण्याची कल्पना मी कस्तुरीलाल खटला वाचून सोडली. १९४७ साली मीरतच्या पोलिसांनी एका सराफाचं सोनं ताब्यात घेतलं. ते घेऊन एक हेडकॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचा निष्काळजीपणा मान्य केला, पण अटक आणि जप्ती हे सार्वभौम अधिकार आहेत म्हणून शासनाला जबाबदार धरलं नाही. पळालेल्याकडून कोण वसूल करणार? सोन्याची भरपाई मिळालीच नाही. शासनाने आधी दिलं पाहिजे, हे तिथे माझ्या मनात पक्कं झालं. पुढची पायरी १९९३ च्या लखनौ विकास प्राधिकरणाच्या निकालात सापडली: नागरिकाला छळल्याची भरपाई आधी सार्वजनिक निधीतून द्या, मग जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करा.

आमच्या टिपणीत रक्कम, व्याज, लेखाशीर्ष, सगळं होतं. अधिकाऱ्याबद्दल एक ओळ नव्हती. त्यांची बदली झाली होती आणि तेवढ्यावर विषय संपला होता. मॅडमना विचारून मी परिच्छेद घातला: जबाबदारी निश्चित करण्यासाठी चौकशी व्हावी. त्यांनी सही केली आणि खाली स्वतः लिहिलं, 'वसुलीसाठी देयक थांबवू नये.'

देयक कोषागारातून पास झालं. चौकशीच्या प्रस्तावाला उत्तर नाही. मी स्मरणपत्र पाठवलं आहे, उत्तर येईपर्यंत पाठवत राहीन.