या पावसाळ्यात वाचलेल्या कादंबऱ्या

आमच्या घरात कादंबरी एकटीने वाचायची पद्धत नाही. पुस्तक एक आणि वाचणाऱ्या आम्ही पाचजणी: सासूबाई, ज्यांना सगळं घर अम्मी म्हणतं, तिघी जावा आणि थोरलीची बारावी झालेली मुलगी. कोकणातलं घर, निम्मी पुरुषमंडळी आखातात. पावसाळ्यात इशाच्या नमाजनंतर रात्र सरता सरत नाही. मग एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी लसूण सोलत, शिवण टिपत ऐकायचं. वीज गेली तर मोबाइलच्या उजेडात. या पावसाळ्यात पाच कादंबऱ्या झाल्या. त्यांच्यावरची आमची मतं इथे देत आहोत. ही समीक्षा नाही, ओसरीवरच्या गप्पा आहेत.

पहिलं पुस्तक अम्मींच्या पेटीतून निघालं. डेप्युटी नझीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’, १८६९ सालची. उर्दूतल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. मुलींना वाचायला धड पुस्तक नाही म्हणून त्यांनी ती आपल्या लेकींसाठी लिहायला घेतली, आणि पुढे सरकारने तिला हजार रुपयांचं बक्षीस दिलं. दोन सख्ख्या बहिणी एकाच घरात सुना होऊन येतात. थोरली अकबरी लाडावलेली, तोंडाळ. हज्जन म्हणवणारी एक ठग बाई गोड बोलून तिचे दागिने लांबवते. धाकटी असगरी शहाणी. ती घराचा हिशेब हातात घेते, लबाड मोलकरणीची चोरी उघडी पाडते, मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवते.

अम्मी अर्थात असगरीच्या बाजूच्या. आम्हा जावांना मात्र असगरी ऐकून ऐकून दम लागला. कधी चुकत नाही, कधी चिडत नाही. मधलीने तर सांगूनच टाकलं, ‘अशी जाऊ शेजारच्या घरात असावी, आपल्या नको.’ आमचं मत असं की नझीर अहमद यांना शिकवायचं होतं असगरीकडून, पण त्यांची लेखणी खरी रंगली ती अकबरीत.

अकबरी सासरपासून वेगळं घर मागते, ते पान आलं तेव्हा सगळ्या एकदम गप्प झालो. अम्मींनीच विचारलं, ‘आता का जिभा आत गेल्या?’ मग हसू फुटलं, आणि हसता हसता वेगळ्या चुलीचा विषय निघाला. या घरात तो इतक्या वर्षांत कुणी काढला नव्हता. कुणाला दोन दिवस तरी आपल्या मर्जीचं जेवण करावंसं वाटतं, कुणाला स्वयंपाकघराच्या किल्ल्या नकोशा झाल्यात, हे सगळं अकबरीच्या नावावर बोलून झालं. चूल अजून एकच आहे. पण शुक्रवारचा स्वयंपाक आता पाळीपाळीने, आणि ज्या दिवशी जिची पाळी त्या दिवशी तिच्या मसाल्याला कुणी नाव ठेवायचं नाही.

याच सुमारास थोरलीच्या मुलीसाठी एक स्थळ आलं. घराणं चांगलं, मुलगा शिकलेला. मध्यस्थ बाईंकडून निरोप आला: मुलगी सारखी नॉवेलं वाचत असते असं कानावर आलंय, खरं का? बाईंनी सल्लाही दिला की फक्त दीनी किताबं वाचते असं सांगून मोकळं व्हा. थोरली आई आहे. तिला वाटलं एवढ्या कारणावरून स्थळ हातचं जायला नको. आमच्यात दोन रात्री यावरच खल झाला, पुस्तक बाजूलाच राहिलं. मुलाकडच्यांची शंका अगदीच बिनबुडाची नाही, हेही आम्ही मान्य केलं. लेकीबाळींच्या हाती देऊ नये अशी पुस्तकं असतातच. शेवटी अम्मींनी निरोप धाडला की पोरगी दीनी किताबंही वाचते आणि नॉवेलही वाचते, आणि दोन्ही मला मोठ्याने वाचून दाखवते. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही.

तेव्हापासून आमचा नियम पक्का झाला: जे अम्मींसमोर मोठ्याने वाचता येत नाही ते बैठकीत नाही. या नियमात ‘उमराव जान अदा’ बसते का, यावर वाद होता. मिर्झा हादी रुसवा यांची ही १८९९ची कादंबरी. आमच्यापैकी तिघींनी रेखाचा सिनेमा पाहिलेला, त्यामुळे पुस्तकाविषयीही तोच समज. अम्मी म्हणाल्या, वाचा, नको वाटलं तर सांगेन. वाचणारीने दोन-चार ठिकाणी पानं भरभर उलटली, एवढंच.

फैजाबादची अमीरन ही लहानगी मुलगी. तिच्या बापाने दिलावर खानविरुद्ध साक्ष दिलेली असते. त्याचा सूड म्हणून तो तिला पळवतो, आणि लखनौच्या कोठ्यावर ती विकली जाते. तिच्यासारखीच पळवून आणलेली रामदेई नावाची दुसरी एक मुलगी तिथेच तिला भेटलेली असते. ती विकली जाते नवाबाच्या घरी, आणि पुढे बेगम होते. कितीतरी वर्षांनी दोघी समोरासमोर येतात. एक कोठेवाली, एक घरंदाज बेगम, आणि फरक एवढाच की गिऱ्हाईक वेगळं होतं. आम्हाला सगळी कादंबरी या एका भेटीत आहे असं वाटलं. उमराव फैजाबादला परतते तेव्हा आई तिला पोटाशी धरते, भाऊ मात्र तिला जिवंत पाहू शकत नाही. ते वाचून झाल्यावर अम्मी बराच वेळ तसबीह फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, ‘पोरीचा काय गुन्हा?’ थोरलीने लेकीकडे पाहिलं आणि दिवा मालवला. सुरुवातीची शेरोशायरीची बैठक मात्र आम्हाला लांबली. अर्धे शेर अम्मींकडून उलगडून घ्यावे लागले.

एवढं जड झाल्यावर इब्ने सफी हवेच होते. १९५२ साली सुरू झालेल्या ‘जासूसी दुनिया’तली जुनी, पानं सुटलेली दोन पुस्तकं मिळाली. कर्नल फरीदी गंभीर, कॅप्टन हमीद वात्रट. रहस्य बऱ्याचदा आपल्याला आधीच कळतं आणि बायका बहुतेक नावापुरत्या, पण हमीदच्या बोलण्याला तोड नाही. शिवाय वाह्यातपणा कुठेही नाही. अम्मींच्या परीक्षेत इतक्या सहज कुणी पास झालं नाही.

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ धाकटीच्या मुलाने आणली. शाळेत इतिहासाच्या तासाला कुणीतरी त्याला विचारलं होतं, ‘तुम्ही कुणाच्या बाजूने लढलात?’ नववीतला पोरगा, उत्तर सुचलं नाही. मोठ्याने वाचायला हे पुस्तक अवघड. सरदारांची नावं आणि फौजांच्या हालचाली ऐकताना गोंधळ उडतो. पण वेढ्यात अडकलेल्या मराठी छावणीची उपासमार अशी लिहिली आहे की ऐकताना हातातला लसूण खाली राहिला. आणि मराठ्यांच्या तोफा सांभाळणारा इब्राहिमखान गारदी. १४ जानेवारी १७६१ला तो भाऊसाहेबांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला. शाळेत पोराने पुढे काय सांगितलं ते आम्ही विचारलं नाही. इब्राहिमखानाची पानं मात्र त्याने दोनदा वाचून घेतली.

नियमाला अपवाद एक झाला. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, म्हणजे आमच्याच मुलखातले. त्यांचे विचार आमच्या घरात पटत नाहीत, अम्मींना तर नावही आवडत नाही. पण ‘इंधन’ (१९६५) आम्ही जावांनी पाळीपाळीने वाचली. आजारी निवेदक बऱ्याच वर्षांनी गावी येतो, आणि बारीकसारीक कुरबुरींचा साठत गेलेला लाकूडफाटा एक दिवस पेट घेतो. त्यात कुणीच धुतल्या तांदळासारखं नाही, आपलेही नाहीत. ते टोचलं. गाव मात्र असं खरं आहे की आमच्याच पाणंदीतून चालल्यासारखं वाटलं.

शेवटची कादंबरी वैकोम मुहम्मद बशीर यांची. मूळ मल्याळम १९५१चं, आम्ही हिंदीत वाचलं. ‘माझ्या आजोबांकडे हत्ती होता’ असं काहीसं नाव. कोर्टकज्ज्यात इस्टेट जाते, मोठं घर जातं, पण कुंजुपात्तुम्माच्या आईचा तोरा जात नाही, कारण तिच्या बापाच्या दारी हत्ती झुलत होता! शेजारची मुलगी कुंजुपात्तुम्माला अक्षरं शिकवते ती पानं फार गोड आहेत. पाचांत सगळ्यात आधी कुठलं घ्यावं असं विचाराल तर हे घ्या.

असा एक हत्ती आमच्याही घरी आहे. अम्मींच्या आजोबांचं गलबत होतं, आणि दरवर्षी सांगताना त्याला एक डोलकाठी वाढते. बशीरांच्या हत्तीचं शेवटी काय होतं ते इथे सांगत नाही. त्या पानावर अम्मी इतक्या हसल्या की पाण्याचा तांब्या आणावा लागला. आणि दुसऱ्या दिवशी धाकटीच्या मुलाला गलबताची गोष्ट सांगताना डोलकाठी एकच होती.