दोन दारांची गाडी

यंदाच्या गुढीपाडव्याला आठ-दहा दिवस असताना आमचा पुतण्या पालेगावला आला आणि चहाचा कप हातात घेण्याआधीच म्हणाला, "काका, मी कूपे घ्यायचं ठरवलंय."

मी म्हटले, "घे की! पण निघालात कुठे दोघं? आणि लग्नाला बारा वर्षं झाल्यावर कूपे कशाला हवी?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. चूक त्याची नव्हती. आमच्या पिढीला कूपे म्हटले की आगगाडीच्या पहिल्या वर्गातला दोन जागांचा छोटा कप्पा आठवतो. नवविवाहित जोडप्यांनी किंवा फार मोठ्या साहेबांनी त्यातून प्रवास करायचा आणि आम्ही फलाटावरून जाताना उगाच आत डोकावायचे! शब्द मात्र एकच. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ 'कापलेला'. पूर्वी चौघांची घोड्याची बग्गी असे, तिच्यातली एक बैठक कापून टाकली की दोघांपुरती जी बग्गी उरे ती कूपे. पुढे तो शब्द आगगाडीने उचलला आणि मोटारीनेही. मोटारीतले कापले काय, तर मागची दोन दारे आणि मागे बसणाऱ्यांच्या डोक्यावरचे छप्पर.

पुतण्या बदलापूरला राहतो. आमचे थोरले बंधू गेल्यापासून वहिनी त्याच्याजवळच असतात. मुलगा गुणी, इंजिनियर, आणि कोणतीही गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय न करणारा. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे पसरला. दोन गाड्या होत्या. एक परदेशी बनावटीची, पाच वर्षे वापरलेली, अस्सल दोन दारांची. दुसरी इथेच तयार झालेली, कोरी. तिचे छप्पर मागे घसरगुंडीसारखे उतरते म्हणून तिलाही कूपे म्हणायचे, पण दारे चार. पुढे तीन रकाने होते : आराम, बांधणी आणि दाम. प्रत्येक रकान्यात दहापैकी मार्क. बेरजेत दोन दारांची गाडी दीड मार्काने पुढे होती.

"तुम्ही दोन दारांची गाडी वापरलीयत ना? म्हणून विचारायला आलो."

"वापरली कसली, मिरवली!" स्वयंपाकघरातून आवाज आला. आमच्या घरी भिंतींना कान आहेत आणि त्यांना तोंडही आहे.

मिरवली, हे कबूल करायला हवे. १९७८ साली मी तीस वर्षांचा होतो, इथल्याच एका कारखान्यात नोकरीला होतो आणि स्टेशनच्या पूर्वेला दोन खोल्यांत आमचे बिऱ्हाड होते. त्या वर्षी माटुंग्याच्या एका गृहस्थांकडून सात हजार रुपयांना मी १९६५ सालची स्टँडर्ड हेरल्ड घेतली. काटेकोर बोलायचे तर ती कूपे नव्हे, दोन दारांची साधी गाडी. तिची कूपे म्हणवणारी सख्खी बहीण १९५९ साली विलायतेत तिच्याबरोबरच जन्मली होती. दोघींचा चेहरामोहरा मिकेलोत्ती नावाच्या इटालियन कलावंताने काढलेला. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासच्या कारखान्यात हेरल्ड बनू लागली. रंग फिका निळा, मागे माशाच्या परासारखे दोन टोकदार कल्ले, आणि दार एका बाजूला एकच, पण केवढे! ते उघडले की गल्लीतल्या सायकली थांबत.

आमच्या गल्लीत तेव्हा तीन मोटारी झाल्या. डॉक्टरांची अँबॅसडर, माझ्या खात्यातल्या एका स्नेह्यांची फियाट आणि माझी हेरल्ड. रविवारी सकाळी तिघांच्या गाड्या धुतल्या जात आणि वादाला तोंड फुटे. डॉक्टर म्हणत, गाडी म्हणजे इंजिन. अँबॅसडरचे १४८९ सीसीचे, तुमचे अवघे ९४८. स्नेही म्हणत, इंजिनाला पेट्रोल लागते, डॉक्टर! १९७३ सालानंतर पेट्रोलचे भाव असे चढले होते की या वाक्याला सगळे मान डोलावत. फियाटचे १०८९ सीसीचे इंजिन मधल्या मापाचे, खाणे बेताचे. तिचा गियर चाकाशेजारच्या दांड्यावर आणि पुढची बैठक सलग, त्यामुळे पुढे तिघे बसत. नव्या फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून जुनीचाही भाव उतरत नसे. दामाच्या रकान्यात त्यांना कोणी हरवू शकत नव्हते.

मग माझी पाळी. मी काही न बोलता हेरल्डचे बॉनेट उघडत असे. ते इतर गाड्यांसारखे झाकणापुरते उघडत नाही. दोन्ही मडगार्डे, दिवे, सगळा पुढचा भाग आख्खा पुढच्या बाजूला कलंडतो आणि इंजिन ताटात वाढल्यासारखे समोर येते. पुढच्या चाकावर बसून प्लग साफ करावेत! मग मी गाडी गल्लीत वळवून दाखवी. पंचवीस फुटांत ती पूर्ण फिरते. डॉक्टरांना त्याच जागी तीनदा मागेपुढे करावे लागे आणि दर वेळी त्यांचा कंपाउंडर मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणे. पुढच्या दोन बैठका स्वतंत्र, गियर हाताशी, चारही चाके आपापली खाचखळगे सोसणारी. गाडी चालवणाऱ्याला तिच्याइतका आनंद त्या दोघींत नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. चालवणाऱ्याला, असे मी म्हटले आहे.

मागे बसणाऱ्याचे असे : पुढची बैठक पुढे झुकवायची, मान वाकवायची, एक पाय आत टाकून दुसरा खेचून घ्यायचा आणि अर्धवट वळून बसकण मारायची. उतरताना हेच उलट, फक्त हाताला धरायला काही नाही. तरुण माणसाला त्यात गंमत वाटते. आमची ही कडेवर वर्षाचे मूल घेऊन हे करू शकत नसे, म्हणून ती पुढे बसे. पुण्याहून बहीण आणि मेहुणे आले तर मेहुण्यांना पुढची जागा. जावईमाणूस, त्यांना वाकवायचे कसे? आणि आई? आई मागे. तिला पुढे बसायला सांगितले नाही असे नाही. एकदा कल्याणहून येताना समोरून ट्रक आला आणि ती म्हणाली, "मला नको बाई पुढे, अंगावर येतं सगळं." एवढे कारण मला पुरले.

पहिले वर्षभर आई हौसेने आली. पहिल्या दिवशी तिने गाडीला हळदकुंकू वाहिले, चाकाखाली लिंबू ठेवले. आम्ही शिळफाटा, पनवेल करत खोपोलीला गेलो आणि बोरघाट चढून पुण्याला बहिणीकडे उतरलो. घाटात इतरांची इंजिने तापून लोक डबडी घेऊन पाणी शोधत होते आणि मी, सांगायला काय लाज, भोंगा वाजवत पुढे गेलो. मागे आई काय करत होती ते मला आठवत नाही. आरशात तिचा पदर तेवढा दिसत होता.

पुढे केव्हापासून ते सांगता येणार नाही, पण आईला घर आवडू लागले. लग्नाला चल म्हटले तर म्हणे, "तुम्ही जा, मी दिवा लावते." डोंबिवलीला मावशीकडे चल म्हटले तर, "तीच येईल की इकडे." महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळाची जत्रा. शके ९८२ मधला शिलालेख असलेले ते शिलाहारांचे देऊळ आमच्या घरापासून काही फार लांब नव्हे, आणि आईने ती वारी कधी चुकवलेली नव्हती. त्या वर्षी म्हणाली, "गर्दीत गाडी कशाला? मी शेजारणींबरोबर जाईन चालत." मी मनात म्हटले, वय झाले, माणूस घराला धरून राहतो. तिचे वय तेव्हा साठ होते. मी आज अठ्ठ्याहत्तरचा आहे आणि मला कोणी घराला धरून राहा म्हटले तर मी भांडेन.

१९८० च्या मे महिन्यात मी एकटाच कामानिमित्त पुण्याला गेलो होतो. बहिणीने जेवायला वाढले आणि पान सारून झाल्यावर एक पोस्टकार्ड माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "आईने सांगू नको म्हणून लिहिलंय, म्हणून सांगत नाही. तू वाच." आईचे अक्षर मोठे, ओळी उतरत जाणाऱ्या. पापड, लोणचे, नातवाचे दात अशी ख्यालीखुशाली झाल्यावर शेवटी कोपऱ्यात दाटीवाटीने लिहिले होते, की दादाची गाडी फार सुरेख आहे, पण मला तिच्यात चढता येत नाही. गेल्या खेपेला उतरताना लुगडे अडकून गुडघ्यावर आपटले. कोणाला दिसले नाही. त्याने हौसेने घेतली आहे, तेव्हा बोलू नये.

कोणाला दिसले नाही! मी त्या वेळी बहुधा बॉनेट उघडून कोणाला तरी इंजिन दाखवत होतो.

घरी आल्यावर मी त्या कार्डाबद्दल अक्षर काढले नाही. बहिणीवर बालंट नको. आईला आग्रह करकरून पुढे बसवले, तर मागे जायची पाळी हिच्यावर आली, आणि मूल आता दोन जागी टिकत नव्हते. महिनाभर मी घरातल्या माणसांची त्या गाडीत निरनिराळ्या प्रकारे मांडणी करून पाहिली. कोणाचा तरी गुडघा शिल्लक उरेच. शेवटी १९८१ च्या दसऱ्याआधी हेरल्ड पाच हजारांना दिली, थोडे कर्ज काढले आणि एक बारा वर्षे वापरलेली चार दारांची फियाट आणली. मागचे दार उघडले, आई आधी टेकली, मग पाय आत घेतले, पदर सावरला. जत्रेला गेलो, देवळाच्या वाटेवर गर्दीत अर्धा तास अडकलो. मी वाट पाहत होतो की आता आई काही म्हणेल.

"बरी आहे," ती म्हणाली. "पण हिच्यात ती ऐट नाही रे."

हे सगळे पुतण्याला मी सांगितले. त्याने ऐकून घेतले, पण इंजिनियर तो इंजिनियर. म्हणाला, "काका, ती जुनी गोष्ट. आताच्या गाडीत पुढची सीट बटण दाबलं की आपोआप सरकते."

सरकते, खरे आहे. पण मला हसू आले ते वेगळ्या कारणाने. दोन दारांचा मोह या देशाने काही पहिल्यांदा पाहिलेला नाही आणि दर वेळी घरातल्या मंडळींनी तो दुरुस्त करून घेतला आहे. खुद्द हेरल्डचेच पाहा. विलायतेत ती १९७१ पर्यंत बनली, तिथे घरगुती हेरल्डला दोनापेक्षा जास्त दारे कधी आली नाहीत. मद्रासमध्ये मात्र पुढे तिला चार दारे बसवावी लागली. नंतर १९९१ साली पुण्याच्या टाटांनी सिएरा काढली. विजेवर वरखाली होणाऱ्या काचा, मागे वरपर्यंत वळलेली मोठी स्थिर काच, आणि बाजूला दारे दोनच. काय देखणी गाडी होती! चिंचवडला माझ्या भाच्याच्या मित्राकडे ती होती आणि मी तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या होत्या. मागे बसायला मात्र पुन्हा तीच कसरत. २०२५ साली तीच सिएरा पुन्हा आली. काचेचा ढंग जुन्यासारखाच ठेवला, दारे मात्र चार. आणि २०२४ साली आलेल्या टाटांच्या कर्व्ह आणि सिट्रोएनच्या बसाल्ट या गाड्या कूपेचे नाव लावतात, छप्पर तसे उतरते ठेवतात, पण मागच्या दारांना हात लावत नाहीत. नावाला कूपे, संसाराला चार दारे.

"मग ही दुसरी घेऊ?" पुतण्याने कागदावर बोट ठेवले.

"मी कुठे म्हटलं? तिचं छप्पर मागे उतरतं, ते कोणाच्या डोक्यावर उतरतं ते बघ. तुझ्या कागदावर आरामाला साडेआठ मार्क आहेत. दिले कोणी?"

"मी."

"कुठे बसून?"

तो काही बोलला नाही. आमच्या हिने तेवढ्यात पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या आणि म्हणाली, "जानेवारीत ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला विचार की."

पुढच्या रविवारी तो चार दारांची गाडी चालवून बघायला म्हणून दुकानातून घेऊन आला. पुढे दुकानाचा माणूस, मागे वहिनी. मला वहिनींशेजारी बसवले. आम्ही पालेगावातून बाहेर पडून नेवाळीकडे निघालो. उजाडून फार वेळ झाला नव्हता, मलंगगड स्वच्छ दिसत होता आणि पूर्वी जिथे भाताची खाचरे होती तिथल्या इमारतींवर ऊन पडले होते. दुकानाचा माणूस अश्वशक्ती सांगत होता. माझे केस, जे काही उरले आहेत ते, छपराला लागत होते. वहिनी माझ्यापेक्षा ठेंगण्या, त्यांना तो त्रास नव्हता. पण बाजूची काच लहान, त्यामुळे मलंगगड बघायला त्यांना पुढे झुकावे लागत होते.

नाक्याजवळ पुतण्याने गाडी कडेला घेतली आणि आरशातून विचारले, "आई, कशी वाटतेय?"

"छान आहे की," वहिनी ताबडतोब म्हणाल्या.

मी त्याला म्हटले, "तिला विचारू नकोस. तिला उतरू दे आणि तू बघ."

वहिनींनी दार उघडले. आधी डावा पाय बाहेर ठेवला, मग थांबल्या. उजवा हात माझ्या खांद्यावर, डावा दाराच्या वरच्या कडेवर. मान किंचित खाली. दुसरा पाय निघेपर्यंत मी मनात पाच आकडे मोजले. पुतण्या आरशातून बघत होता. दुकानाचा माणूस अजून बोलतच होता. पुतण्याने इंजिन बंद केले, पट्टा सोडला आणि वळसा घालून आईच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"आई," तो म्हणाला, "परत एकदा बसून दाखवतेस?"