आयरिश न्याहारी आणि आमचा तवा

जबलपुरात सकाळ होते ती पोह्यांच्या वाफेने आणि जिलबीच्या वासाने. पोह्यांवर शेव भुरभुरून सोबत गरम जिलबी खाणाऱ्या या गावात आम्हां मराठी मंडळींचे पोहे निराळे ओळखूही येत नाहीत. घरोघरी सारे आता 'नाश्ता' करतात. 'न्याहारी' कोणी करीत नाही. पदार्थ राहिला, शब्द गेला. ही गोष्ट आम्ही कधी फारशी मनावर घेतली नव्हती. ती घ्यावयास लावली एका आयरिश न्याहारीने.

डब्लिनला नोकरीस असलेला आमचा पुतण्या सुटीवर आला आणि रविवारची न्याहारी आपण करणार, तीही आयरिश, असे त्याने जाहीर केले. खारवलेल्या डुकराच्या मांसाचे काप, सॉसेज, रक्त आणि ओट यांचे 'ब्लॅक पुडिंग', अंडी, परतलेले टोमॅटो व अळंबी, सोडा ब्रेड, बटाट्याची भाकरी आणि कडक चहा, ही यादी ऐकताच आमच्या आईने देवघराचे दार ओढून घेतले. अखेर तह झाला : मांस व अंडी वगळावयाची आणि उरेल तेवढे करावयाचे.

एवढे वगळल्यावर त्यात आयरिश असे काय उरणार, अशी शंका आम्हांस आली. परंतु उरले तेच त्या देशातील गरिबांचे खरे अन्न होते. भरलेले ताट ही खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरची गोष्ट. एकोणिसाव्या शतकातील गरीब कूळ डुक्कर पाळी, ते बहुधा विकून जमीनदाराचा खंड भरण्यासाठी. त्याच्या स्वतःच्या वाट्याला येत ते बटाटे आणि ताक.

सोडा ब्रेडची कृती तर आपल्याकडील कोणाही गृहिणीस परकी वाटू नये. तेथील गहू मऊ. यीस्ट घालून तो नीट फुगत नाही. म्हणून खाण्याचा सोडा स्वस्त होताच तो घरोघरी शिरला. अर्धा किलो पिठास, म्हणजे अर्धी कणीक व अर्धा मैदा घेऊन, एक चमचा सोडा, एक चमचा मीठ आणि सुमारे ४०० मिलिलिटर आंबट ताक. ताकातील आम्ल आणि सोडा एकत्र येताच वायू सुटतो व पीठ हलके होते. म्हणून ते फार मळावयाचे नाही आणि ठेवावयाचेही नाही. उत्तरेकडील अल्स्टर भागात ही भाकरी भट्टीत न घालता तव्यावर भाजतात. बोटभर जाड गोल थापून तिचे चार भाग करतात. त्यांतील एकास 'फार्ल' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थही चौथा भाग असाच आहे. मंद आचेवर दोन्ही बाजू सावकाश भाजल्या की झाले.

दुसरा पदार्थ 'बॉक्स्टी'. कच्चा बटाटा किसून पिळून घ्यावयाचा, त्यात उकडून कुस्करलेला बटाटा, थोडा मैदा, मीठ व ताक घालावयाचे आणि तव्यावर खरपूस भाजावयाचे. आईने पहिला घास घेतला व म्हणाली, "अरे, हे तर आपले थालीपीठ! मिरची तेवढी राहिली तुझ्या आयरिश लोकांची."

मिरची राहिली हे खरे; पण त्यांचे राहिले ते एवढेच नाही. १८४५ साली तेथील बटाट्यावर रोग पडला. पुढील काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली आणि तितकीच, किंबहुना अधिक, देश सोडून गेली. दुष्काळाचा घाला सर्वांत जबर बसला तो पश्चिमेवर व दक्षिणेवर, जेथे आयरिश भाषा बोलली जात होती. आधीच मागे सरत असलेली ती भाषा त्यानंतर झपाट्याने आटली. २०२२ च्या जनगणनेत ५१ लाखांच्या त्या देशात शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे ७२ हजार भरले. भाकरी वाचली, आणि ती भाजावयाची कशी हे आता बहुतेक घरांत इंग्रजीत सांगितले जाते.

आम्हांस कोणत्या दुष्काळाने येथे आणले नाही. १८१७ पर्यंत हे गाव नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता येथून आलेले लोहमार्ग येथे जोडले गेले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. राज्याच्या, रेल्वेच्या, कारखान्याच्या आणि कचेऱ्यांच्या निमित्ताने मराठी माणसे येत गेली व राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात उरलो. यात रडण्यासारखे काही नाही. येथील हिंदीने आम्हांस प्रेमाने वागविले आहे. मात्र प्रेमाने वागविणाऱ्या घरात माणूस आपले बोलणे अधिक लवकर विसरतो.

त्या रविवारी आई चुलीपाशी उभी राहून नातवाला सांगत होती, "मळू नकोस, नुसते कालव. आता थाप. आच कमी कर. उलथ." पुतणी शेजारीच होती, येथील शाळेत वाढलेली. तिने विचारले, "आजी, उलथ म्हणजे पलटायचं ना?" आईने होकार दिला खरा, पण कालथा तिच्याच हाती दिला व म्हणाली, "पुढची तू उलथ, म्हणजे कळेल."

पुस्तकांतून व वर्गांतून भाषा टिकविण्याचे उपाय आम्ही सभांमधून पुष्कळ ऐकले आहेत आणि ते आवश्यकही आहेत. परंतु परतणे, कुस्करणे, वाफ आणणे, खमंग, खरपूस हे शब्द वर्गात शिकता येत नाहीत. त्यांस आच लागते. आमच्या घरी आता रविवारी कधी पोहे होतात, कधी थालीपीठ, कधी सोड्याची ती चौकोर भाकरी. पदार्थ कोणत्याही देशाचा असो, कृती सांगावयाची ती मराठीत, एवढाच नियम आईने घालून दिला आहे.