सावित्रीकाठचा नीलवंत

महाडला आम्ही अनेकदा गेलो आहोत. चवदार तळे पाहावे, वेळ असला तर गांधारपाल्याची लेणी पाहावीत आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परतावे, असा आमचा नेहमीचा क्रम. यंदा पाऊस ओसरल्यावर मात्र मुलाबाळांसह पुढे पोलादपूरला गेलो. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी ओढ्याकाठी भाकरी खायला बसलो, तोच मुले ओरडली. ओल्या वाळूवर हाताच्या पंजाएवढे काळे-निळे फुलपाखरू बसले होते.

हा नीलवंत. इंग्रजीत ब्ल्यू मॉरमॉन. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे आपले राज्य देशात पहिले. पंख पसरले की पाच-सहा इंच भरतात. रंग मखमली काळा, मागच्या पंखांवर फिकट निळाई आणि तीत काळे ठिपके. पश्चिम घाटातील दमट रान हे त्याचे घर. ओल्या वाळूवर उतरतात ते बहुधा नर. तिथले क्षार ते सोंडेने शोषून घेतात.

मादी वाटेल त्या झाडावर अंडी घालीत नाही. तिला लिंबाच्या कुळातलेच झाड लागते. रानात माकडलिंबू, परसात पपनस किंवा लिंबू. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पाखरे फसतात. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. डिवचले तर डोक्यामागून दुबेळके शिंग काढून उग्र वास सोडते. पुढे कोष आणि कोषातून नीलवंत.

हे समजल्यावर आम्ही ओशाळलो. दारच्या लिंबावरच्या अशा अळ्या 'कीड' म्हणून आम्ही वर्षानुवर्षे चिरडल्या. त्या सगळ्याच नीलवंताच्या नसतील, पण त्याच्या भाऊबंदांच्या नक्की होत्या. मोठ्या झाडाची चार पाने गेल्याने झाड मरत नाही. रोप लहान असेल तर अळी पानासकट उचलून मोठ्या लिंबावर ठेवावी. रानातले वणवे तर याहून वाईट. गवताला लावलेली आग झुडपांत शिरली की अंडी, अळ्या, कोष सारेच जळते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या खेपेस महाडला आलात तर मुलांना घेऊन पोलादपूरपर्यंत जा. आणि घरी परतल्यावर लिंबावर औषध मारण्याआधी पाने एकदा उलटून पाहा.