भंडारदऱ्याच्या पावसातली चिलीम

भंडारदऱ्याला येणारा माणूस आधी धरण पाहतो. दगड आणि चुन्यात बांधलेली ही २७० फूट उंचीची भिंत १९२६ साली पुरी झाली आणि प्रवरेचे पाणी अडले. मग तो रंधा धबधब्याकडे वळतो. हाताशी वेळ असला तर जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला जातो आणि अमृतेश्वराच्या देवळाचे कोरीवकाम मान वर करून पाहतो. पाहावे असेच ते आहे. पण याच मुलुखात हाताने घडवलेली आणखी एक वस्तू आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे मातीची चिलीम.

ती पाहायची तर पावसाळाच बरा. घोटीकडून बारीमार्गे या किंवा अकोले, राजूरवरून या, जुलैत हा सारा मुलूख पाण्यात बुडालेला असतो. आमच्या नगर जिल्ह्याच्या पूर्वेला माणसे ढगाकडे डोळे लावून बसतात आणि इकडे घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पाऊस कधी थांबतो याची वाट पाहतात. महादेव कोळी आणि ठाकर मंडळी गुडघाभर चिखलात भाताची लावणी करतात. पूर्वी पाठीवर इरले असे, आता प्लॅस्टिकचा कागद असतो. पण वारा तोच आहे, तो हाडापर्यंत जातो.

अशाच एका दुपारी एका घराच्या पडवीत मी आसऱ्याला थांबलो. चुलीपाशी एक म्हातारबाबा चिलीम भरत होते. मी निरखून पाहतोय हे बघून त्यांनी ती माझ्यापुढे केली. मी नको म्हटल्यावर म्हणाले, "नको तर राहू द्या. सवय वाईटच हाये."

ओढायची नव्हती, पण हातात घेऊन पाहायला काय हरकत! वीतभराहून जरा कमी लांब, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. धोत्र्याचे फूल आडवे धरावे तशी. वरवर साधी दिसते, पण प्रत्येक वळणाला कारण आहे. रुंद तोंडात तंबाखू आणि वर निखारा. तंबाखू घसरून खाली येऊ नये म्हणून आत एक लहानसा खडा टाकतात. तो नळी पुरती बंद करीत नाही, त्याच्या कडेने धूर येतो. निमुळत्या टोकाला ओला फडका गुंडाळायचा, त्याला छापी म्हणतात. तिने धूर थोडा निवतो आणि राख तोंडात येत नाही. मग चिलीम बोटांत उभी धरायची, दोन्ही हातांची मिळून पोकळ मूठ करायची आणि अंगठ्यांपाशी तोंड लावून झुरका घ्यायचा. ओठ मातीला लागत नाहीत.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एक चिलीम चार जणांत फिरते, पण उष्टी होत नाही. म्हणजे कुंभाराने नुसती नळी घडवली नाही, चार माणसांची बैठक घडवली. अर्थात जुन्या गावगाड्यात त्या बैठकीत कोणाला बसू द्यायचे हेही ठरलेले असे, आणि हुक्कापाणी बंद करणे ही मोठी शिक्षा होती. चिलमीचे कौतुक करताना तेवढे विसरून चालणार नाही.

घडवायची रीत दिसते तेवढी सोपी नाही. चाळलेली माती मळून चाकावर मोठा गोळा ठेवायचा आणि त्याच्या शेंड्यावरून एकामागून एक नग ओढून दोऱ्याने कापायचे. भिंत जाड राहिली तर वाळताना किंवा आव्यात तडकते, पातळ झाली तर निखाऱ्याच्या आचेने हात पोळतो. एवढे करून किंमत ती किती! पडली की फुटणार, म्हणून कोणी जास्त देत नाही.

तंबाखू मुळात आपला नव्हे. पोर्तुगीज जहाजांतून तो इकडे आला. अकबर बादशहाचा वकील असदबेग १६०४ च्या सुमारास विजापूर दरबारातून परतताना तंबाखू आणि तो ओढण्याची एक रत्नजडित नळी घेऊन गेला. बादशहाने झुरका घेतला, पण हकिमांना ते रुचले नाही. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूला मनाई केली, आणि मनाईचे जे व्हायचे तेच झाले. दरबाराची रत्नजडित नळी गरिबाला कुठून मिळणार? त्याला कुंभाराने मातीची दिली. तीच पुढे गोसाव्याच्या झोळीत गेली आणि फकिराच्याही. आमच्याच जिल्ह्यात शिर्डीला साईबाबा चिलीम ओढत आणि जवळ बसलेल्यांकडे देत. १९१८ साली त्यांनी समाधी घेतली. त्यांच्या वापरातल्या चिलमी तिथे जपून ठेवलेल्या आहेत.

आता दुसरी बाजू. त्या पडवीत म्हातारबाबा दर झुरक्याला खोकत होते, आणि दार पावसाने बंद. चुलीपुढे सून भाकरी थापत होती, तिच्या मांडीशी तान्हे मूल. धूर सगळ्यांच्याच छातीत जात होता. छापीने राख अडते, विष अडत नाही. तंबाखूने तोंडाचा, घशाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो, क्षयाचा धोकाही वाढतो. आणि क्षय उष्ट्याने नव्हे, तर खोकल्यातून हवेवाटे पसरतो. तेव्हा ओठ लागले नाहीत म्हणून चिलीम निर्धोक झाली, असे कोणी समजू नये. थंडीत तिने ऊब येते म्हणतात. ती ऊब शेकोटीचीही येते.

चिलीम हल्ली बहुतेक म्हाताऱ्यांच्याच हातात दिसते. पण तंबाखू गेला नाही. चिलमीला निखारा, फडका आणि सवड लागते. विडीला नुसती काडी पुरते आणि ती एकट्याने बांधावर बसून ओढता येते. विडीचे पान टेंभुर्णीचे, कुठे आपट्याचे. अकोले, संगमनेर, सिन्नर या पट्ट्यात कित्येक बायांनी विड्या वळून घर चालवले. पान भिजवायचे, कातरीने बेतायचे, चिमूटभर जर्दा भरून वळायचे, दोरा बांधायचा. मजुरी मोजतात हजार विड्यांवर. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, पण वळताना उडणारी तंबाखूची धूळ कायद्याने कशी थांबावी? चिलमीचा धूर निदान ओढणाऱ्याच्या हातातला होता. विडीचा त्रास तर ती न ओढणाऱ्या बाईच्या सुपात येऊन बसला.

कुंभाराचे काय, असा प्रश्न उरतोच. चिलीम गेली म्हणून त्याचे चाक थांबायला नको. हल्ली पुष्कळ ठिकाणी मातीच्या कपातून चहा देतात, आणि गोळ्याच्या शेंड्यावरून लहान नग ओढण्याचा चिलमीचाच हात तिथे कामी येतो. शेंडीला धरणाजवळ पावसाळ्यात आणि मे-जूनमध्ये काजवे पाहायला येणाऱ्यांची केवढी गर्दी होते! त्या चहाच्या टपऱ्यांनी कागदी पेल्यांऐवजी जवळपासच्या कुंभाराकडून कप घेतले तर त्याच्या आव्याला काम मिळेल.