खाडीपलीकडची घरशाळा

बोरिवली म्हटलें कीं आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें उंच इमारती, लोकलगाड्यांची गर्दी आणि फार तर कान्हेरीचीं लेणीं उभीं राहतात. त्याच बोरिवलीच्या पश्चिमेस खाडी आहे आणि खाडीच्या पलीकडे गोराई, मनोरी, उत्तन अशीं गांवें आहेत, हें मुंबईंत जन्म काढलेल्या पुष्कळांच्या गांवींही नसतें. स्टेशनापासून बस धक्क्यापर्यंत जाते. तेथून यंत्रावर चालणाऱ्या होडींत बसून पैलतीर गांठावयाचा. भाईंदरकडून रस्त्यानेंही जातां येतें, पण तो वळसा मोठा. पलीकडे विपश्यनेच्या पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो. त्याचें उद्घाटन २००९ सालीं झालें. तो मागें पडला कीं भातखाचरें, ताडाचीं झाडें, काठ्यांवर वाळत घातलेली मासळी आणि वळणावळणावर चुना दिलेले क्रूस दिसूं लागतात. क्रुसाच्या पायथ्याशीं झेंडूचीं फुलें वाहिलेलीं असतात. दुरून पाहणारास तें तुळशीवृंदावनच वाटावें.

येथील ख्रिस्ती रहिवाशांस ‘ईस्ट इंडियन’ म्हणतात. नांवावरून हे लोक बंगालकडून आले असावेत अशी कल्पना होते, ती सर्वस्वी चुकीची आहे. हे साष्टी-वसईचे मूळचे भूमिपुत्र. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज अमलांत यांच्या पूर्वजांनीं कॅथलिक धर्म स्वीकारला. पुढें गोव्याकडील व मंगळूरकडील ख्रिस्ती लोक नोकरीसाठीं मुंबईस येऊं लागले, तेव्हां आपली ओळख निराळी राहावी म्हणून १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, यांनीं हें नांव घेतलें. मराठ्यांनीं १७३७ त साष्टी व १७३९ त वसई घेतली. पोर्तुगीज गेले, धर्म राहिला, आणि भाषा तर कधीं बदललीच नव्हती. घरांत बोलतात ती मराठीच. ‘ळ’च्या जागीं ‘ल’ आणि ‘ण’च्या जागीं ‘न’ येतो, एवढ्यावरून तिला अशुद्ध म्हणणाऱ्यांनीं आपल्या बोलण्यांतील चावी, बादली, घमेलें, पगार हे शब्द कोणाकडून आले याचा विचार करावा. लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवरून ‘उंबराचें पाणी’ आणण्याची चाल यांच्यांत आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं ‘आगेरा’ असतो, त्या दिवशीं नव्या भाताच्या लोंब्या देवळांत नेऊन त्यांवर आशीर्वाद घेतात. आपल्या नवान्नाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीनें आम्ही गेल्या वैशाखांत अशा एका कुटुंबाकडे दोन दिवस राहिलों. त्या घरांतील तीन मुलें शाळेंत जात नाहींत, असें ऐकलें होतें. ज्यानें छत्तीस वर्षें शाळेची घंटा ऐकली, त्यास हें ऐकून स्वस्थ बसवलें नाहीं, हें वाचक समजूं शकतील.

घर कौलारू, पुढें ओटा, मागें विहीर व परसू. आजोबा, आजी, मुलगा, सून व तीन नातवंडें असा परिवार. थोरली मुलगी चौदा पुरी झालेली, मधला दहाचा, धाकटा सहाचा. दिवस पहाटे सुरू होतो. देवळाची घंटा झाली कीं सर्वजण ओट्याच्या आंतल्या खोलींत कोनाड्यांतील मूर्तीपुढें उभे राहतात. प्रार्थना आजी सांगते, मुलें म्हणतात. मग कोंबड्या सोडणें, माळव्याला पाणी घालणें हीं कामें. आणि आठाच्या सुमारास त्याच ओट्यावर सूनबाई पाट्या-पुस्तकें मांडतात. या बाई पूर्वीं बोरिवलीस एका इंग्रजी शाळेंत शिकवीत होत्या.

वैशाख म्हणजे यांच्या वर्षभराच्या ‘बाटलीच्या मसाल्या’चा महिना. अंगणभर तांबड्या मिरच्या पसरल्या होत्या. हळद, धने, जिरें, मोहरी, खसखस, दालचिनी यांच्या निरनिराळ्या सुपल्या. सर्व जिन्नस निरनिराळे भाजून, कुटून, काळसर बाटल्यांत दडपून भरतात. म्हणून तें नांव. प्रत्येक घरचें प्रमाण वेगळें व तें शेजारणीसही सांगत नाहींत. त्या दिवशींचें गणित तेंच होतें. आजीचें माप मुठीचें व वाटीचें. थोरलीनें तें वजनांत उतरवून, पांच किलो मिरचीचें प्रमाण बारा किलोला किती, हें त्रैराशिकानें काढलें. आम्हीं वही पाहिली. अक्षर स्वच्छ, रीति बिनचूक. (प्रमाण येथें लिहीत नाहीं, तसा शब्द आम्हीं आजींस दिला आहे.)

मधल्या मुलानें तर आम्हांस चकित केलें. दुपारीं त्यास सहज विचारलें, “आज होडी धक्क्याला कधीं लागेल?” त्यानें आजची तिथि कोणती तें आम्हांसच विचारलें आणि क्षणांत भरतीची वेळ सांगितली. किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे: अमावास्येस व पौर्णिमेस भरती बाराच्या सुमारास येते, पुढें जी तिथि असेल तिची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजतां भरती. आमच्या लहानपणीं तिन्हीसांजेला परवच्यांत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत, आणि हिचा उपयोग काय असें विचारणाऱ्याच्या पाठींत धपाटा बसे. तो उपयोग आम्हांस गोराईच्या खाडीवर एका दहा वर्षांच्या ख्रिस्ती मुलानें दाखविला.

संध्याकाळीं क्रुसापुढें वाडींतील मंडळी जमली. मे महिना यांस मारियामातेचा. रोज जपमाळ होते. एकानें अर्धी प्रार्थना म्हणावयाची व बाकीच्यांनीं उरलेली पुरी करावयाची, अशी रीत. आजोबा लहानपणीं देवळांत धर्मगुरूंच्या हाताखालीं सेवा करीत. १९६२ ते ६५ या काळांत रोमला जी धर्मपरिषद भरली, तिनें लोकभाषेंत उपासना करण्यास मोकळीक दिली. तत्पूर्वीं सर्व विधि लॅटिनमध्यें चालत. ते लॅटिन उच्चार आजोबांस अद्याप जसेच्या तसे मुखोद्गत आहेत, अर्थ मात्र एकाही शब्दाचा येत नाहीं. आपल्या घरांतून संध्येचे मंत्र किती जण अर्थासह म्हणतात, हा प्रश्न आमच्या मनांत आला व आम्हीं तो तेथेंच गिळला.

मराठींत ख्रिस्ती भक्ति कांहीं आजची नव्हे. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोमंतकांत रायतूर येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत होता. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं तो देवनागरींत प्रसिद्ध केला. या घरीं रात्रीं जेवणापूर्वीं त्यांतील थोड्या ओव्या वाचतात. आजी ऐकतांना मान डोलवीत होत्या. थोरलीस अडलेल्या दोन शब्दांची व्युत्पत्ति आम्हीं सांगितली, ती तिनें लगेच टिपून ठेविली.

मुलांस शाळेंतून कां काढलें, याचें कारण सूनबाईंनीं पहिल्याच रात्रीं सांगितलें. “सर, थोरली दुसरींत होती. सासूबाई तिच्याशीं बोलायच्या आणि ही इंग्रजींत ‘यस’, ‘नो’ म्हणायची. सहा महिन्यांनीं सासूबाईंनीं तिच्याशीं बोलणेंच सोडलें. एका घरांत राहून आजीला नातीची भाषा कळेना, तेव्हां मी नोकरी सोडली.” त्यांच्या धर्मसभेनें १९६५ सालीं आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक असें जाहीर केलें आहे, त्याचाही त्यांस आधार वाटतो. कायद्याची बाजू अशी: २००९ सालचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शाळेंत घालणें हें पालकांचें कर्तव्य मानतो, पण न घालणारास शिक्षा सांगत नाहीं. आणि केंद्र सरकारनें १९८९ सालीं काढलेल्या मुक्त विद्यालयाची माध्यमिक परीक्षा चौदा वर्षें पुरीं झालेल्या कोणासही शाळेचें तोंड न पाहतां देतां येते.

आजोबांस हें मुळींच पसंत नाहीं. ते गिरणींत फिटर होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं विहिरीपाशीं आम्हांस गांठून ते म्हणाले, “गुरुजी, आम्ही लहानपणीं नाव वल्हवून शाळेंत गेलों. पावसांत पुस्तकें डोक्यावर बांधून गेलों. माझ्या बापाला सही येत नव्हती. ज्या दारांत शिरायला आम्हांला इतकें पडलें, तें दार हीं मुलें आपण होऊन बंद करतात. उद्यां पोरीला कोणी विचारलें, कोणत्या शाळेंत होतीस, तर काय सांगेल?”

या बोलण्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. घरीं शिकणें हें आपल्या समाजांत पूर्वापार चालत आलें, हें खरें. पण तें कोणाच्या घरीं व कोणासाठीं? मुलीसाठीं नव्हतें, आणि या आजोबांच्या बापासारख्यासाठीं तर नव्हतेंच. १८४८ त जोतीराव फुल्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली ती याचसाठीं. शाळेचे दोष आम्ही छत्तीस वर्षें आंतून पाहिले आहेत. तरीही तिनें जें दार उघडलें तें घरानें उघडलें नव्हतें.

जूनमध्यें थोरलीस बोरिवलीच्या शाळेंत नववींत घालावयाचें, कीं मुक्त परीक्षेस बसवावयाचें, यावर घरांत दोन तट होते. मुलीचा बाप दोहोंच्या मध्यें बसून जाळें शिवीत होता. “तुम्हीच हिची परीक्षा घ्या,” असें आजोबा म्हणाले. घेतली. मराठी शुद्धलेखन उत्तम, इंग्रजी चांगलें, अंकगणित अव्वल. भूमितींत विचारलें, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन कशावरून? “मी पुष्कळ त्रिकोण मोजले,” असें तिनें सांगितलें आणि वही आणून दाखविली. चाळीस-एक आकृति होत्या. न मोजलेल्या त्रिकोणाचें काय, असें विचारतां ती गप्प झाली. सिद्धता म्हणून कांहीं असते, हें तिच्या कानांवरून गेलेंच नव्हतें. दोन्ही गोष्टी, चांगली व उणी, आम्हीं त्या घरच्या सर्व मंडळींसमोर जशाच्या तशा सांगितल्या. सूनबाईंचा चेहरा उतरला. आजोबाही जिंकल्यासारखे दिसले नाहींत. ते नातीची वही उलटून पाहत राहिले.

श्रावणांत त्यांचें पत्र आलें. मुलगी मुक्त परीक्षेस बसणार आहे. दर शनिवारीं ती बोरिवलीस एका निवृत्त शिक्षिकेकडे भूमिति शिकावयास जाते आणि सोबतीस आजोबा जातात. मधल्याचें व धाकट्याचें काय करावयाचें, तें अद्याप ठरलेलें नाहीं.